बिबड्यांचा डबा

कोकिळाबाईला तो डबा परत हवा होता. चार वर्षं झाली, डबा जळगावला जेठाणीच्या, म्हणजे थोरल्या जावेच्या घरी आणि इकडे धुळ्यात हिचा जीव टांगणीला.

तसा डबा काही सोन्याचा नव्हता. गोडेतेलाचा पंधरा किलोचा चौकोनी पत्र्याचा डबा, वरचा पत्रा कापून त्याला कडीचं झाकण बसवून घेतलेलं, एका कोपऱ्याला पोचा. भंगारवाल्यानेसुद्धा नाक मुरडलं असतं. पण त्या डब्यात बिबडे टिकायचे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी भरलेला डबा दिवाळीला उघडा नाहीतर संक्रांतीला, बिबडं मोडलं की कट् असा आवाज यायचा आणि लसणाचा वास काल केल्यासारखा. पावसाळ्यात बाहेर भिंतींना ओल धरायची, मीठ पाझरायचं, काड्यापेटी पेटायची नाही, पण डब्यातले बिबडे आपले कडक.

बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, असं परक्या माणसाला सांगून मोकळं होता येतं. करणाऱ्या बाईला मात्र विचारा. ज्वारी तीन दिवस भिजवायची, धुवायची, सुकवून भरडायची, मग तीळ, लसूण, जिरं आणि लाल मिरची घालून मोठ्या पातेल्यात रटरट शिजवायची. ढवळता ढवळता खांदा निखळायची वेळ येते. मग ओल्या फडक्यावर तो गरम गोळा पाण्याच्या हाताने थापायचा, ताटाएवढा, आणि इतका पातळ की खालच्या फडक्यावरची फुलं दिसावीत. फडकं उचलून बाजेवर पालथं घालायचं आणि बिबडं न फाडता अलगद सोडवायचं. हे एकटीचं काम नाही. जी एकटी करते तिचे बिबडे एकतर जाड होतात नाहीतर फाटतात.

धुळ्यातलं देवपुरातलं घर एक होतं तोवर हे काम दोघी जावा करायच्या. थोरल्या अभिमनची बायको ताईबाई आणि धाकट्या सुकदेवची कोकिळा. कोकिळा एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आली, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात सासूने दोघींचे हात पाहून वाटणी करून टाकली. कोकिळाने थापायचं, ताईबाईने वाळवायचं आणि भरायचं. "एकीना हातले पानी शे, दुसरीना हातले ऊन," एकीच्या हाताला पाणी आहे आणि दुसरीच्या हाताला ऊन, असं म्हातारी अहिराणीत म्हणाली, आणि ती वाटणी तीस वर्षं कोणी मोडली नाही.

थापणं सगळ्यांसमोर चालायचं. भरणं म्हणजे मात्र त्या घरातलं देवकार्य. भरणाऱ्या बाईने मागच्या कोठीच्या खोलीत एकटीने जायचं, दार लोटून घ्यायचं आणि डब्याची कडी बसेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललं की डबा फसतो, असा सासूचा नेम, तिच्या सासूकडून आलेला. ताईबाई बाजेवरचे बिबडे गोळा करून आत न्यायची, ती कधी त्याच दिवशी बाहेर यायची, कधी दुसऱ्या दिवशी पुन्हा आत जायची. कोकिळाने तीस वर्षांत ते लोटलेलं दार पाहिलं, आत काय चालतं ते कधी पाहिलं नाही. पाहावंसं वाटलंही नाही. जावेला ती अक्का म्हणायची. अक्का आहे ना, मग आपल्याला काय करायचंय.

पुढे कोकिळाच्या मुलाचं, स्वप्नीलचं लग्न ठरलं आणि पत्रिका छापून आल्या. निमंत्रक म्हणून थोरल्या भावाचं नाव सगळ्यात वर हवं, ही रीत काय सुकदेवला ठाऊक नव्हती? पण लग्नघाईत मजकूर त्याने कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिला, आणि अभिमनचं नाव खाली चुलतभावांच्या रांगेत गेलं. पाचशे पत्रिका. अर्ध्या वाटून झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं. अभिमनने पत्रिका हातात घेतली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि घडी करून खिशात घातली. लग्नाला तो उभा राहिला, अक्षता टाकल्या, जेवला मात्र नाही. सुकदेवने तेव्हाच पाय धरले असते तर मिटलं असतं. पण त्यालाही वाटलं, एवढ्याशा गोष्टीवरून भाऊ सगळ्यांसमोर उपाशी राहतो म्हणजे काय. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. महिन्याभरात अभिमन मुलाकडे जळगावला निघाला.

बोलणं भावांचं बंद झालं. मग बायकांनी का बंद करावं, हे विचारायला त्या घरात कोणी नव्हतं. भांडले पुरुष आणि उपास घडला बायकांना.

त्या वर्षीचे बिबडे झालेले होते. ताईबाईने जायच्या आधी ते भरून कडी लावली होती. टेंपोत सामान चढलं तेव्हा कोकिळा आतून तो डबा उचलून घेऊन आली आणि सामानात ठेवला. "न्या अक्का. तिकडे कुठं मिळणारेत."

ताईबाईने डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. म्हणाली, "डबा धाडते."

एवढंच बोलणं. आणि डबा काही आला नाही.

आता आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालतात. त्यामुळे पहिलं वर्ष कोकिळाने वाट पाहिली, की अक्का भरून धाडेल. दुसऱ्या वर्षी वाटलं, विसरली असेल. तिसऱ्या वर्षी ती भांडी घासता घासता बोलायला लागली, की एक पत्र्याचा डबा, तोही धाडवत नाही माणसाला. राग नुसता वर वर होता. खाली काय होतं ते संध्याकाळी गच्चीवर एकटीने कपडे काढताना कळायचं. काढता काढता ती सवयीने चादरीचं दुसरं टोक धरायला कोणाकडे तरी पुढे करायची, आणि तिथं कोणी नसायचं.

आणि बिबडे बिघडायला लागले.

सून दिपमाला शाळेत शिकवते, व्यवस्थित बाई. तिला आधीच मनात कुठेतरी लागलेलं, की आपल्याच लग्नाच्या पत्रिकेवरून घर फुटलं. म्हणून बिबड्यांसाठी डबा शोधायचं काम तिने परीक्षेच्या पेपरासारखं मनावर घेतलं. पहिल्या वर्षी आग्रा रोडवरून स्टीलची कोठी आणली. तिचं झाकण इतकं घट्ट की उघडायला स्वप्नीलला हाक मारावी लागायची. श्रावणात उघडली तर कुबट वास, आणि मधल्या थरात पांढरी बुरशी. दुसऱ्या वर्षी आट्यांच्या झाकणाची जाड प्लास्टिकची बरणी आणली. दुकानातच तिने ती पाण्याने भरून उलटी धरायला लावली, दुकानदार कपाळाला आठ्या घालून बघत राहिला, पण थेंब गळला नाही. गणपतीत उघडली, तोच वास. तिसऱ्या वर्षी काचेचे मोठे डबे, झाकणाला रबराचं कडं आणि चारी बाजूंनी खटके. दिपमालाने झाकणात कागदाची पट्टी धरून चारी बाजूंनी ओढून पाहिली. पट्टी सरकली तर रबर ढिलं समजायचं, आणि ती कुठेच सरकली नाही. पोळ्याच्या सुमारास काचेच्या आतल्या अंगाला पाण्याचे बारीक थेंब दिसायला लागले. बाहेरून दिसत होतं, तरी कोकिळाने उघडून पाहिलंच.

खोटं कशाला बोला, बाकी सगळं त्या डब्यांत सुखाने नांदत होतं. तूरडाळीला किडा लागला नाही, पोहे मऊ पडले नाहीत, रव्यात जाळी झाली नाही, काळ्या मसाल्याचा वास वर्षभर टिकला. डाळी उन्हं दाखवून, हिंगाचा खडा घालून दिपमालाने अशा भरल्या की कोकिळाने शेजारणींना बोलावून दाखवल्या. फक्त बिबडे रुसले.

"आई," दिपमाला त्या दिवशी ओला डबा पुसता पुसता म्हणाली, "आपण बिबडे उन्हातून काढतो आणि गरम गरमच भरतो ना, मला वाटतं त्याने आत..."

"तू नको सांगू," कोकिळा म्हणाली. "डबा बदललाय म्हणून झालंय हे. तो डबा असता तर झालं नसतं."

दिपमाला परत डबा पुसायला लागली. सासू एवढं तोडून कधी बोलत नाही, हे तिला माहीत होतं. आणि कोकिळाला ऐकू आलं नाही असं नाही. ऐकायचं नव्हतं.

यंदा फाल्गुन लागला तशी तिने जाहीर करून टाकलं, की तो डबा येईपर्यंत या घरात बिबडे होणार नाहीत. म्हणायची म्हणाली, पण होळी झाल्यावर चौथ्या दिवशी ज्वारी भिजत घातलीच. थोडीशी. दिपमालाला हाताशी घेऊन सकाळी सकाळी पंधराएक बिबडे थापले, आणि दुपारी ते अर्धेच वाळलेले असताना बाजेवरून काढले. असं ओलसर बिबडं कच्च्या शेंगदाण्यांबरोबर खातात. ताईबाईचा त्याच्यावर फार जीव. बाजेजवळून जाता येता ती एकेक तुकडा मोडायची, आणि सासू ओरडली की तो कोकिळाच्या तोंडात कोंबायची, म्हणजे दोघी सारख्याच गुन्हेगार.

दिपमालाने विचारलं नाही, हे कोणासाठी. खटक्यांचा एक प्लास्टिकचा डबा घेतला, ओलसर बिबडे त्यात घडी करून ठेवले, कडेने शेंगदाणे भरले, चारी खटके लावले. मग एका कागदावर जळगावचा पत्ता लिहून सासूच्या पिशवीत सरकवला. पत्ता तिने कुठून काढला कोण जाणे.

"उद्याच्या उद्या खा म्हणावं," ती हळूच म्हणाली. "हे टिकणारं नाही."

नवऱ्याला कोकिळाने सांगितलं, मुक्ताईनगरला दर्शनाला जाते. देवाच्या नावाने खोटं बोलण्याची सोय आपल्याकडे फार जुनी आहे. सुकदेव दुखऱ्या गुडघ्याला तेल चोळत होता. "जा," म्हणाला. "मुक्ताईला माझाही नमस्कार सांग."

एसटीत खिडकी मिळाली. अर्ध्या तिकिटाच्या सोयीमुळे गाडी बायांनी भरलेली, प्रत्येकीच्या मांडीवर काही ना काही. पारोळ्यापर्यंत कोकिळा मनातल्या मनात एकच वाक्य घोकत होती. अक्का, माझा डबा. बस. जास्त बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, डबा घ्यायचा आणि उठायचं. एरंडोल आलं तेव्हा वाटलं इथेच उतरावं आणि परतीची गाडी धरावी. ती हसली तर? हसली नाही तर? दारच उघडलं नाही तर? चार वर्षं ज्या माणसाला आपण फोन केला नाही, त्याने आपल्याला का केला नाही असं कोणत्या तोंडाने विचारायचं? गाडी सुटली आणि उतरायचं राहून गेलं.

जळगावच्या पिंप्राळ्यात तिसऱ्या मजल्यावर घर. घंटी वाजवली. दार ताईबाईनेच उघडलं. वाळली होती. केस पार पांढरे झाले होते, आणि चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली.  घोकलेलं वाक्य सोडून कोकिळा पिशवीचे बंद सारखे करायला लागली.

"चप्पल आत घे," ताईबाई म्हणाली. "इथं बाहेरच्या चोरीला जातात."

आत खिडकीशी अभिमन पेपर वाचत बसला होता. त्याला घरात सगळे आबा म्हणत. कोकिळाने डोक्यावर पदर घेतला आणि लांबूनच वाकून नमस्कार केला. आबांनी पेपर थोडा वर धरला. जेठाने भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही हा जुना रिवाज, त्यामुळे हा राग आहे की रीत, हे तिला कळेना.

स्वयंपाकघर चकचकीत. ओट्यावरच्या फळीवर पारदर्शक डब्यांची रांग, सगळे एका मापाचे, सगळ्यांना घट्ट झाकणं, सगळ्यांवर ताईबाईच्या सुनेच्या अक्षरात चिठ्ठ्या. एका मोठ्या डब्यावर लिहिलं होतं 'पापड', आणि आत दुकानातली पाकिटं, फोडलेलीसुद्धा नाहीत. कोकिळाची नजर वर गेली. फ्रीजच्या डोक्यावर धुतलेल्या फडक्यावर तो डबा होता. चौकोनी, पत्र्याचा, पोचा आलेला कोपरा पुढे करून. त्याच्या पत्र्यावर गंज नव्हता. कोणीतरी रोज पुसत असावं.

ती काही बोलणार तेवढ्यात ताईबाईने पिशवीतला खटक्यांचा डबा काढून ओट्यावर घेतला होता. चारी बाजूंनी फिरवून पाहिला. झाकण ओढलं, दाबलं, परत ओढलं. "याचं तोंड कुठं शे वं?"

कोकिळाने खटके काढले. एक, दोन, तीन, चार. झाकण उचलताच लसूण आणि शिजलेल्या ज्वारीचा वास त्या चकचकीत स्वयंपाकघरात पसरला. बाजेचा, देवपुरातल्या गच्चीचा, तीस वर्षांच्या सकाळींचा वास. ताईबाई उभ्या उभ्याच एक तुकडा मोडून तोंडात टाकून, डोळे मिटून चावत राहिली. मग दुसरा तुकडा मोडला आणि कोकिळाच्या तोंडात कोंबला. कोकिळाला तो गिळता येईना. रडताना खाता येत नाही, हे तिला त्या दिवशी नव्याने कळलं.

एक ताटली बाहेर आबांकडे गेली.  मग बाहेरून भिंतीला उद्देशून वाक्य आलं, "तीळ कमी पडेल शेत."

"मेलं, चार वर्षांनी बोलले तर काय, तीळ कमी पडलेत," ताईबाई पुटपुटली आणि पदराने तोंड पुसता पुसता डोळेही पुसून घेतले.

मग कोकिळाचा बांध फुटला. "चार वर्षं, अक्का. एक डबा. मी म्हटलं आज येईल, उद्या येईल. धुळ्याची कोणती गाडी जळगावहून येत नाही? कंडक्टरच्या हातात दिला असता तरी घरी पोचला असता. माझं तोंड पाहायचं नव्हतं तर निदान डबा धाडायचा होता."

ताईबाईने फ्रीजवरचा डबा दोन्ही हातांनी खाली घेतला आणि कडी काढली. आत कोरडा ठणठणीत पत्रा, तळाशी घडी घातलेलं मऊ फडकं, आणि त्यावर वाळलेला कडुनिंबाचा पाला. बाकी काही नाही.

"रिकामा कसा धाडू?" ती म्हणाली. "आणि भरू काय? इथली गच्ची सोसायटीची, वाळवण टाकू देत नाहीत. तरी मी एक वर्ष बाल्कनीत केलेच बिबडे. एकटीने. चपलेच्या तळव्याएवढे जाड झाले. निम्मे फडक्यालाच चिकटले. थापायला तू नव्हतीस. ते फेकले आणि त्या रात्री जेवले नाही. दुकानचे पापड भरून धाडले असते तर तू म्हणाली असतीस, अक्काने मला परकी केली."

"साखर घालायची चिमूटभर."

"घातली होती. दोनदा. कडी लावली आणि परत काढली." ताईबाई डब्याच्या पोचावरून बोट फिरवत होती. "साखर घालून धाडला असता तर फिटलं असतं गं सगळं. तुझा डबा तुझ्याकडे, मी माझ्या घरी. मग तू कशाला आली असतीस? म्हटलं, डबा आहे तोवर कधीतरी भांडायला तरी येईल."

कोकिळाने डोळे पुसले. चार वर्षं ज्या गोष्टीवरून तिने भांडी आपटली, तिचा असा अर्थ असेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. मग तिने आपली कहाणी सांगितली. स्टीलची कोठी, आट्यांची बरणी, खटक्यांची काच, पाण्याची परीक्षा, कागदाची पट्टी, पोळ्याचे थेंब. ताईबाई ऐकता ऐकता आधी हळहळली, मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला.

"अगं माझी माय, डब्यांना का शिव्या देतेस? ते डबे चांगलेच आहेत. चांगले आहेत म्हणूनच तर आतलं बाहेर जात नाही. अक्कल लागते ती कडी लावायच्या आधी. एवढंसं तर आहे. ये, बस इथं, सांगते. सासूबाई गेल्या, आता कसला नेम. बिबडं उन्हातून काढलं ना, की पहिल्यांदा..."

"अक्का, सांगू नका."

ताईबाई थांबली. "काय?"

"सांगू नका." कोकिळाने तिचा हात धरला होता. डबा डबा करत ती आली होती ते याच्यासाठीच. हेच माहीत नव्हतं म्हणून तीन वर्षांचे बिबडे गेले. आता ते समोरच्या माणसाच्या ओठांवर होतं, एका वाक्यात मिळणार होतं. आणि तिला एकदम भीती वाटली. "दिपमालाही सांगत होती. मी तिलाही गप्प केलं. मला येत नाही तेच बरं आहे. मला आलं की मग तुम्ही लागणार नाही. मी थापीन, मीच भरीन, आणि तुम्ही इथं तिसऱ्या मजल्यावर बसाल दुकानची पाकिटं बघत. नको मला ते. बिघडले तर बिघडू देत दरवर्षी. तुम्ही या आणि भरा."

बाहेर पेपराचं पान उलटल्याचा आवाज आला नाही. 

"आखाजीला लेकी माहेरी जातात," ताईबाई हलकेच म्हणाली. "माझं आता माहेर कुठं राहिलंय? भाऊ गेला, भावजय गेली."

"म्हणूनच म्हणते."

 डब्याच्या तळातलं फडकं ताईबाईने काढलं, झटकलं, पुन्हा घडी घालून ठेवलं. कडुनिंबाचा जुना पाला ओट्यावर ओतला. मग झाकण बसवलं, कडी लावली आणि तो डबा तसाच्या तसा कोकिळाच्या मांडीवर ठेवला.

"रिकामाच ने," ती म्हणाली. आवाज मुद्दाम चढा होता, बाहेरपर्यंत जाईल असा. "भराले मी येसू."

भरायला मी येईन, असं अक्का म्हणत होती. उभ्या आयुष्यात कोकिळाने कोणाचा डबा रिकामा दिला नव्हता की घेतला नव्हता.

"आणि हा तुझा खटक्यांचा डबा राहील माझ्याकडे. ओले बिबडे संपले की धुऊन ठेवते. उघडायचा कसा ते शिकते तोवर."

निघताना दारात कोकिळाने चपला घातल्या, पुन्हा लांबून आबांना नमस्कार केला. पेपर खाली आला होता, घडी होऊन मांडीवर. आबा खिडकीबाहेर बघत होते. ती दोन पायऱ्या उतरली तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, बायकोला उद्देशून.

"तिले इचार, सुकदेवना गुडघा कसा शे."

"दुखतो म्हणावं," कोकिळा जिन्यातूनच म्हणाली. "जिना चढता येत नाही. वाळवण टाकायला मी एकटीच वर जाते."

परतीच्या गाडीत तिने डबा मांडीवर धरला. शेजारच्या बाईने सरकून जागा केली, डब्याकडे कौतुकाने पाहिलं आणि विचारलं, काय भरून दिलं माहेराहून. कोकिळा म्हणाली, काही नाही, रिकामाच आहे. त्या बाईला ते खरं वाटलं नाही, कारण रिकामा डबा असा दोन्ही हातांनी कोणी धरत नाही.

घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते. दिपमालाने दार उघडलं, डबा पाहिला आणि झटकन हातात घेतला. तिला वजन कळलं. "आई, रिकामाच दिला?" तिचा चेहरा उतरला. एवढं करून चुलतसासूने नातं तोडलंच, असं तिला वाटलं असणार.

"हो. रिकामा दिला," कोकिळा म्हणाली. "उद्या ज्वारी भिजत घाल. दरवर्षीच्या दुप्पट."

 दिपमालाने कडी काढली, आतलं फडकं पाहिलं आणि झाकण परत लावलं.

सुकदेव ओसरीवर बसला होता. मुक्ताईनगरचा प्रसाद कुठं आहे असं त्याने विचारलं नाही. डबा पुढे ओढला, पोचा आलेला कोपरा बोटाने चाचपला. तो पोचा त्याच्याच हातून पडला होता, बावीस वर्षांपूर्वी, जिन्यावरून. 

"भाऊने काही विचारलं?"

"गुडघ्याचं विचारलं."

सुकदेवने मान खाली घातली. तो रडला असं म्हणता येणार नाही, पण टॉवेलने त्याने तोंड दोनदा पुसलं. मग भिंतीचा आधार घेऊन उठला आणि चपला शोधायला लागला.

"आता कुठं निघालात? जेवण व्हायचंय."

"दोघी असल्या म्हणजे एक बाज पुरत नाही," तो म्हणाला, आणि लंगडत लंगडत शेजारच्यांकडे दुसरी बाज मागायला गेला.